कॉर्न स्नेकची पेटी: आधी घर, मग साप

आमचा साप हरवला तेव्हा आई इस्लामपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय ते कळेल. पेन्सिलीएवढ्या जाडीचं, जेमतेम फूटभर लांबीचं कॉर्न स्नेकचं पिल्लू दुकानातून पेटीसकट आणलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिकामी. ते सापडलं सहा दिवसांनी, फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या उबेला वेटोळं घालून बसलेलं. ते सहा दिवस आई पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी काठीने चपला उलट्या करून बघायची. शिराळ्याच्या शेजारच्या तालुक्यात उभा जन्म गेलेल्या बाईला सापाचं नवल नाही, पण पैसे मोजून साप घरात आणणं तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

चूक सापाची नव्हती, आईची तर नव्हतीच. आम्ही साप आधी निवडला आणि पेटी नंतर, तीही बिलिंग काउंटरजवळ उभं राहून पाच मिनिटांत. करायचं असतं ते उलट. म्हणून पेटी कशी निवडायची, एवढ्याच विषयावर हे सविस्तर.

आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसजवळ राहतो. त्यामुळे इथली मापं गॅलन आणि इंचांत आहेत आणि हवामान कडक हिवाळ्याचं आहे. उदाहरण कॉर्न स्नेकचं घेतलंय, कारण नवख्यांनी पाळायला तो सर्वांत सोयीच्या सापांपैकी एक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदीर खाणारा. पूर्ण वाढल्यावर साधारण तीन ते पाच फूट, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगणारा. पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते. म्हणून लेकीने त्याचं नाव ठेवलंय कणीस.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच. आपल्याकडे नाग, धामण, अजगर असले साप घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. त्याला 'पाळलाय', 'जखमी होता म्हणून आणला' असली पळवाट नाही. परदेशी सापांपैकीही बॉल पायथनसारख्या, साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्रजाती बाळगायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा हा लेख वाचून कुणी शेतातला तस्कर जातीचा साप बरणीत भरू नये.

काय काय लागेल

कागद:
- भाड्याचं घर असेल तर भाडेकराराची प्रत आणि घरमालकाची लेखी परवानगी
- तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याचा नियम, वाचून छापून ठेवलेला
- साप विकणाऱ्याची पावती, त्यावर 'बंदिवासात जन्मलेला' असा उल्लेख
- सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरचा फोन नंबर (कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत)

सामान:
- मोजायची टेप
- पेटी आणि तिला कुलूप किंवा पक्क्या क्लिपा
- थर्मोस्टॅट (ऊब ठरवलेल्या अंशावर राखणारं यंत्र)
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारे दोन डिजिटल मीटर
- लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन
- लपायच्या तीन जागा, पाण्याचं जड भांडं, तळाशी पसरायला भुसा
- एक वही

वही कशाला, ते आठव्या पायरीत कळेल.

१. आधी कागद

कंटाळवाणी पायरी आहे, लवकर उरका, पण उरका. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही. जॉर्जियात हा साप जंगलात सापडतो आणि तिथले मूळचे बिनविषारी साप पाळायला बंदी आहे, म्हणून कॉर्न स्नेकही नाही. न्यू जर्सीत तो राज्याच्या धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. तेव्हा एडिसनमधल्या मंडळींनी दुकानदाराच्या 'काही लागत नाही'वर न जाता परवान्याची चौकशी स्वतः करावी.

भाडेकरारात 'पेट्स अलाउड' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी कुत्रा आणि मांजर एवढाच असतो. आमच्या एका मित्राला साप ठेवल्याबद्दल पंधरा दिवसांची नोटीस आली होती. ईमेलवर एक ओळीचं 'हो' मिळवा आणि जपून ठेवा.

२. माप: गॅलन विसरा, तळ मोजा

इथल्या काचेच्या टाक्या माशांसाठी बनतात, म्हणून त्यांचं माप पाण्याचं. साप पाण्यात राहत नाही. त्याला उपयोग तळाच्या लांबी-रुंदीचा, आणि थोडा उंचीचा.

एक उदाहरण घ्या. 'वीस गॅलन हाय' आणि 'वीस गॅलन लाँग' अशा दोन टाक्या दुकानात शेजारी शेजारी असतात. पहिलीचा तळ २४ बाय १२ इंच, दुसरीचा ३० बाय १२. पाणी तेवढंच, पण सापाच्या दृष्टीने दुसरी पाव पट मोठी. आम्हाला दुकानात दिलेली 'स्टार्टर किट' तर दहा गॅलनची, २० बाय १० इंच. पिल्लासाठी ती काही महिने चालते. 'हीच आयुष्यभर पुरेल' असं मात्र आम्हाला सरळ सांगितलं गेलं होतं. पाच फूट वाढू शकणारा प्राणी वीस इंचांत!

जुना ठोकताळा असा: पेटीची लांबी अधिक रुंदी निदान सापाच्या लांबीइतकी हवी. आता जाणकार त्याच्या पुढे गेलेत. सापाला सरळ ताणून पडता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. साप दिवसभर वेटोळं घालून बसतो म्हणून त्याला जागा लागत नाही, हा समज दिवसा बघणाऱ्यांचा. कॉर्न स्नेक संध्याकाळनंतर हिंडतो. रात्री अकराला दिवा मालवून बघा. आमचं कणीस अख्खी पेटी दोन-तीनदा पालथी घालतं, फांदीवर चढतं, काचेला समांतर ताणून पडतं.

म्हणून मोठ्या सापासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हे माप धरून चाला. गॅलनच्या भाषेत ते १२० होतात. एवढी जागा घरात खरंच नसेल तर 'चाळीस गॅलन ब्रीडर', म्हणजे ३६ बाय १८ इंच तळाची टाकी, ही माझ्या मते खालची हद्द, आणि तीही छोट्या चणीच्या सापासाठी. टेप घेऊन आज रात्रीच जमिनीवर चार बाय दोनचा चौकोन आखा. तो जिथे मावत नाही तिथे साप मावत नाही.

मग प्रश्न येतो की पिल्लाला एवढी मोठी पेटी चालते का? 'मोठ्या पेटीत पिल्लू घाबरतं, खात नाही' हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील. पिल्लू घाबरतं ते उघड्यावर. मोठी पेटी पानं, सालं, खोकी, फांद्या घालून गच्च भरली तर ते बिनघोर राहतं. अडचण वेगळीच आहे: मोठ्या पेट्यांच्या फटीही मोठ्या असतात, आणि पिल्लाला त्या पुरतात.

यावर माझा सल्ला जरा आडवळणाचा आहे. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू घेऊच नका. वर्षभराचा, अंगठ्याएवढा जाड, गोठवलेले उंदीर वितळवून दिले की मुकाट्याने खाणारा साप घ्या. पैसे थोडे जास्त पडतील, पण दोन पेट्यांऐवजी एकच घ्यावी लागेल आणि झोपही लागेल. पिल्लूच हवं असा घरातल्या लहान मंडळींचा हट्ट असेल (आमच्याकडे होता), तर पहिलं वर्ष वीस गॅलन लाँगमध्ये काढा आणि मोठ्या पेटीचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

आणि एका पेटीत एकच साप. 'जोडीला दुसरा' ही माणसाची कल्पना झाली. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे, आणि एकाने दुसऱ्याला गिळल्याचे प्रकार झालेले आहेत.

३. पेटी कशाची?

*वरून उघडणारी काचेची टाकी.* सगळीकडे मिळते, स्वस्त, साप छान दिसतो. तोटे दोन. वरची जाळी ऊब आणि ओलावा दोन्ही सोडून देते. आणि दुसरा तोटा लोकांच्या लक्षातच येत नाही: तुमचा हात नेहमी वरून येतो. जंगलात वरून येते ती घार. कणसाला जुन्या टाकीतून काढताना ते दरवेळी शेपटी थरथरवायचं. समोरून उघडणाऱ्या पेटीत हलवल्यावर महिनाभरात ते थांबलं.

*समोरून उघडणारी काचेची पेटी.* बरी असते. पण दारांच्या मधली फट आणि मागच्या बाजूची वायरीची भोकं नीट बघा. वर जाळीच असते, तेव्हा ओलाव्याची तक्रार कायम.

*पीव्हीसीची पेटी.* माझी निवड हीच. सुट्या फळ्या खोक्यातून येतात, स्क्रू पिळून तासाभरात उभी राहते. वजनाला हलकी, ऊब धरते, ओल्याने फुगत नाही. चार-दोन-दोनच्या पेटीला तीनशे डॉलरच्या आसपास किंवा वर मोजावे लागतात. नवीन असताना प्लॅस्टिकचा वास येतो. दारं उघडी टाकून तो जाईपर्यंत थांबा, साप लगेच सोडू नका.

*लाकडी पेटी.* इंग्लंडमधल्या आपल्या लोकांकडे हीच जास्त दिसते. ऊब छान धरते. सांधे आतून सिलिकॉनने बंद केले नाहीत तर मात्र सांडलेलं पाणी फळीत मुरतं आणि फळी फुगते. घरी बनवणार असाल तर देवदारसदृश सीडरचं लाकूड वापरू नका. त्याच्या तेलाचा वास सापाला घातक असतो.

*झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा.* सापांची पैदास करणारे लोक असे डबे रॅकमध्ये लावतात. पिल्लासाठी, आजारी सापासाठी किंवा पेटी धुताना तात्पुरता ठेवायला उत्तम. कायमचं घर म्हणून मला तो आवडत नाही. सापाला दिसत काही नाही, आपल्यालाही दिसत नाही. मग पाळायचा कशाला?

जुनी पेटी घेणार असाल तर खुशाल घ्या, आमची चाळीस गॅलनची जुनीच होती. पण विकणाऱ्याला विचारा, आधीच्या सापाला गोचीड किंवा माइट (अंगावरचे बारीक किडे) होते का. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके सांध्यांत हलताना दिसले तर फुकट दिली तरी नको. घरी आणल्यावर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी या मापाने पुसा, भरपूर पाण्याने धुवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा. आतली जुनी लाकडं टाकून द्या.

४. झाकण, फट, भोक

एक नियम पाठ करा: डोकं गेलं की साप गेला. बाकीचं अंग मागून येतं. आणि सापाला दिवसभर दुसरं काम नसतं. तो रोज रात्री पेटीची प्रत्येक कड नाकाने दाबून बघतो. एखाद्या रात्री तुम्ही क्लिप लावायला विसरता, आणि त्याच रात्री त्याला ते कळतं.

पेटी विकत घेताना दुकानातच हे करा: एक साधी पेन्सिल खिशात घेऊन जा. झाकणाच्या चारही कोपऱ्यांत, दारांच्या मध्ये, वायरीच्या भोकात, हवेच्या झरोक्यात ती सरकवून बघा. पेन्सिलीचं मागचं टोक जिथून जातं, तिथून पिल्लू जातं. सरकत्या काचांच्या दोन पानांमध्ये जी चिंचोळी फट राहते तिथून तर हमखास. तिला लावायला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी मिळते.

आमचं पिल्लू गेलं ते मीटरच्या वायरीसाठी मागे ठेवलेल्या भोकातून. रबरी बूच खोक्यात तळाशीच राहिलं होतं.

नुसतं जाळीचं झाकण ठेवून त्यावर पुस्तकं रचणं, ही युक्ती सगळे करतात आणि सगळ्यांचे साप पळतात. चारही बाजूंना क्लिपा हव्यात. घरात लहान मूल असेल तर कुलूप, आणि किल्ली उंचावर.

आता एक सापळा असा आहे, जो चांगल्या हेतूनेच लागतो. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही लावू नका. फट बुजवायला, मीटर चिकटवायला, वायर बसवायला हात आपोआप टेपकडे जातो. टेपची एक कड सुटते, साप तिच्यावरून सरपटतो, चिकटतो, सुटायला पिळे मारतो आणि खवल्यांसकट कातडी फाटते. चुकून चिकटलाच तर ओढू नका. ऑलिव्ह तेल किंवा घरातलं कुठलंही खायचं तेल कडेने सोडत सोडत हळूहळू सोडवा. फट बुजवायची तर सिलिकॉन, आणि तेही पूर्ण सुकेपर्यंत साप बाहेर.

५. ऊब: एका कुलपाखाली दोन हवामानं

साप स्वतःच्या अंगात पुरेशी उष्णता तयार करत नाही. थंडी वाजली तर उबेला जातो, उकडलं तर सावलीला. पेटीचं खरं काम हे की या दोन्ही जागा तिच्यात असाव्यात आणि सापाला हवं तेव्हा इकडून तिकडे जाता यावं. पेटी लांब हवी ती यासाठीही. वीस इंचांच्या पेटीत एक टोक तापवलं की दुसरंही तापतंच.

कॉर्न स्नेकसाठी आकडे असे. उबदार टोकाचा पृष्ठभाग ८५ ते ८८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण २९ ते ३१ सेल्सियस. थंड टोक ७२ ते ७८, म्हणजे २२ ते २६ च्या दरम्यान. रात्री सगळीकडे थोडं उतरलं तरी चालतं. आर्द्रता ४० ते ६० टक्के.

ऊब देण्याचे मुख्य मार्ग दोन, खालून आणि वरून.

खालून म्हणजे हीट मॅट, विजेवर तापणारी पातळ चटई. काचेच्या टाकीला ती बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाला लावतात, कधीही मधोमध नाही. टाकीच्या तळाशी चार बारीक पाय लावून हवा खेळती ठेवा. मॅटवर भुशाचा जाड थर घातला तर उष्णता अडकून काच नको तेवढी तापते. पीव्हीसी आणि लाकडाच्या पेटीला ही पद्धत सोयीची नाही.

वरून म्हणजे हॅलोजनचा दिवा, किंवा उजेड न देता तापणारा सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर. ऊन वरूनच पडतं, म्हणून हा मार्ग निसर्गाला जवळचा. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचा पिंजरा हवाच, नाहीतर साप गरम दिव्याला विळखा घालतो. सिरॅमिक हीटरला पोर्सिलिनचं होल्डर लागतं, प्लॅस्टिकचं वितळतं. रात्री लाल दिवा लावायची गरज नाही. सापालाही अंधार हवा असतो.

मॅट असो, दिवा असो, थर्मोस्टॅटशिवाय प्लग लावायचा नाही. किटमध्ये मॅट होती, थर्मोस्टॅट नव्हता. मी गन लावून बघितलं तर काच १०८ अंश फॅरेनहाइट दाखवत होती. पोट भाजत असतानाही साप पुष्कळदा जागचा उठत नाही, आणि आपल्याला कळतं ते खवले लाल झाल्यावर. साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट मॅटला आणि सिरॅमिकला चालतो. उजेड देणाऱ्या दिव्याला मात्र मंद-प्रखर करणारा घ्या, नाहीतर पेटीत दिवसभर लग्नाच्या मांडवासारखी उघडझाप होत राहील. थर्मोस्टॅटचा सेन्सर तापणाऱ्या जागेवरच पक्का बसवा. तो सरकून थंड कोपऱ्यात गेला तर थर्मोस्टॅट बिचारा तापवतच राहतो.

'हीट रॉक' नावाचे तापणारे कृत्रिम दगड मिळतात. घेऊ नका, भेट मिळाले तर वापरू नका. काचेला चिकटवायचे घड्याळासारखे गोल मीटरही फार तर शोभेचे.

भारतातून येताना स्वस्तात मॅट आणायचा मोह एकाला झाला होता. तिकडची २३० व्होल्टची मॅट इथल्या १२० व्होल्टवर जेमतेम पाव ताकदीने चालते. साप गारठतो आणि आपण म्हणतो, लावलीय तर खरी.

ओहायोच्या हिवाळ्यात घराची हीटिंग सुरू झाली की हवा इतकी कोरडी होते की आपलेही ओठ फुटतात. सापाची कात मग तुकड्यातुकड्यांत निघते. जाळीचं झाकण असेल तर दिव्याखालचा भाग मोकळा ठेवून बाकीची दोन तृतीयांश जाळी फॉइलने किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याने झाका. सगळी मात्र झाकू नका, हवा खेळायला हवी.

६. पेटी कुठे ठेवायची

खिडकीजवळ नाही. काचेच्या टाकीवर तासभर थेट ऊन पडलं तर आतला प्राणी शिजतो, थर्मोस्टॅट काही करू शकत नाही. टीव्हीच्या स्पीकरशेजारी नाही, हीटिंगच्या झरोक्यासमोर नाही. कमरेइतक्या उंचीवर, भिंतीला पाठ करून, कमी वर्दळीच्या खोलीत. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

स्वयंपाकघरात तर नाहीच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. सापाचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, हात साबणाने धुवा. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असं इथलं आरोग्य खातं सांगतं.

आणि ओघानेच: कणसाचे गोठवलेले उंदीर कुठल्या फ्रीजरमध्ये राहणार, हे साप आणण्याआधी घरात ठरवा. मी ठरवलं नव्हतं. मोदकांसाठी आणलेल्या खोबऱ्याच्या पाकिटाशेजारी ते पाकीट बघून बायको जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. आता गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर आहे.

७. आतलं सामान

लपायच्या जागा निदान दोन, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, दोन्ही शक्यतो एकसारख्या. एकच असेल तर साप लपण्यासाठी ऊब सोडतो किंवा उबेसाठी लपणं सोडतो. जागा अंगाला घट्ट बसणारी हवी. ऐसपैस गुहा आपल्याला आवडते, त्याला नाही. तिसरी म्हणजे ओलं शेवाळ भरलेला झाकणाचा डबा, बाजूला भोक पाडून कडा घासलेला. कात टाकायच्या वेळी डोळे दुधाळ-निळे झाले की साप तिथे मुक्काम ठोकतो.

तळाला अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचे तुकडे, दोन-तीन इंच; खाली मॅट असेल तर तिच्यावर मात्र पातळ थर. अ‍ॅस्पेन ओला राहिला तर बुरशी धरतो. नवीन सापाला पहिला महिना नुसते पेपर टॉवेल बरे, विष्ठा आणि माइट दोन्ही लगेच दिसतात. पाण्याचं भांडं जड, थंड टोकाला. दूध ठेवू नका हे सांगायची गरज नसावी, पण नागपंचमीला एका पाहुण्यांनी वाटी पुढे केली होती.

फांद्या, प्लॅस्टिकची पानं, कॉर्कची साल जितकी घालाल तितकी कमीच.

८. आठवडाभर रिकामी पेटी चालवा

घरातली सगळी मंडळी इथेच उतावीळ होतात. पेटी मांडली, दिवा लावला, आता साप आणूया! थांबा. सात दिवस ती साप असल्यासारखी चालवा. वहीत सकाळी, दुपारी आणि रात्री चार आकडे लिहा: उबदार टोक, थंड टोक, खोलीचं तापमान, आर्द्रता. उबदार टोकाचा आकडा गनने घ्या, तोही ज्या जागी सापाचं पोट टेकणार त्या जागी, भुसा बाजूला सारून.

आम्ही दुसऱ्यांदा हे केलं तेव्हा चौथ्या रात्री थंड टोक ६४ अंशांवर उतरलेलं दिसलं. कारण घराचा थर्मोस्टॅट रात्री आपोआप खाली जातो आणि ते आम्ही विसरलो होतो. रिकाम्या पेटीत ती नुसती नोंद झाली. साप आत असता आणि नुकताच जेवलेला असता, तर गारठ्यात ते न पचून त्याने उलटून टाकलं असतं.

याच आठवड्यात पेन्सिलीची परीक्षा पुन्हा एकदा घ्या, या वेळी अंधारात, आत टॉर्च लावून. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथे सिलिकॉन.

९. साप आल्यावर पेटी काय सांगते

पहिला आठवडा हात लावू नका, पाचव्या-सातव्या दिवशी खायला द्या, आणि नुसतं बघा. पेटी जमली की नाही हे साप सांगतो.

- सतत थंड टोकाला असेल तर उबदार टोक जास्त तापतंय.
- सतत उबेला चिकटून असेल तर बाकीची पेटी गार पडलीय.
- पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसत असेल तर एकतर उकडतंय किंवा अंगावर माइट आहेत. पाण्यात काळे ठिपके दिसतात का बघा.
- नाक काचेवर घासून लाल करत असेल तर आडोसा कमी आहे किंवा जागा अपुरी आहे.
- कात तुकड्यांत निघाली, शेपटीच्या टोकाला किंवा डोळ्यावर अडकली, तर हवा कोरडी आहे. डोळ्यावरची कात नखाने काढू नका, डॉक्टरकडे न्या.
- तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकातून फेस येत असेल, तर आकडे नंतर बघा, आधी डॉक्टर.

आणि पेटी रिकामी दिसली तर? घाबरण्याआधी पेटीतलंच सगळं एक एक करून उचला, निम्म्या वेळा साप भुशाखालीच असतो. खरंच गेला असेल तर खोलीच्या दाराखाली टॉवेल कोंबा. फ्रिजमागे, गरम पाण्याच्या टाकीपाशी, बुटांत, सोफ्याच्या पोटात शोधा. भिंतीच्या कडेने कणकेची पातळ रेघ ओढून ठेवा, सकाळी त्यावर नागमोडी माग दिसतो. आम्हाला फ्रिजचा पत्ता असाच लागला. कणीक आईने चाळणीने भुरभुरवली होती, संक्रांतीच्या रांगोळीइतकी सरळ.